डोळ्यात दिवा असलेली पिल्लं

९ नोव्हेंबर १९८६

दूध सोसायटीची अर्धी कोरी राहिलेली वही चेअरमननी मला दिली. पहिल्या पानावर मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू लिहून ठेवतो. यातली एकही कुणाकडं शिकलेलो नाही, बघून आणि मोडून शिकलो.

सोसायटीत दुधाचं फॅट काढायच्या यंत्राचे दोन दाते. मूळचे पितळी होते, मी लोखंडी बसवले, नऊ वर्षं चालतायत. कुत्री तोलायचा काटा, छटाकभराचाही फरक दाखवतो. कातडी पट्टे चौदा. कुत्री विण्याची पेटी, आतून चारी बाजूंनी वीतभर कठडा, म्हणजे आईच्या अंगाखाली पिल्लू चेंगरत नाही. लेकीचा, शिवकांताचा पाळणा, ती एकोणीस वर्षांची झाली, पाळण्यात आता शेंगा असतात. बायकोची, मालनबाईची चूल, धूर बाहेर जाणारी. कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या वंशावळीची वही, एकोणीसशे सदुसष्टपासून, एक पिल्लू सुटलेलं नाही.

आणि हौशा. त्यालाही मीच केला म्हणायला हरकत नाही. तोंड लांब, कंबर मुठीत मावेल अशी, छाती कोपरापर्यंत उतरलेली. तीन पिढ्या जुळवल्या तेव्हा असा उतरला. सोलापूरकडची माणसं मोटारी घेऊन त्याला बघायला येतात.

१७ नोव्हेंबर

तुळजापूरच्या शंकरप्पांचं कार्ड आलं. त्यांचं लॉज आहे, शिवाय गावाबाहेर मळा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौशाचं पिल्लू नेलं होतं, तेजा नावाचं. ते लिहितात, तेजा दिवसा वाघ आहे, पण दिवस मावळला की उंबऱ्याला अडखळतो. परवा विहिरीत पडला. पाणी नव्हतं, तळाशी गाळ होता म्हणून वाचला. पिल्लू देताना त्याचा डोळा बघितला होता का, असं विचारतात.

उत्तर लिहिलं: लॉजवर उरलेला भात खाऊ घातला की असं होतं, ज्वारीची भाकरी, ताक आणि आठवड्याला दोन अंडी द्या. माझ्या घरचं कुत्रं डोळ्यात कमी असूच शकत नाही, कारण निवडतानाच मी डोळा बघतो. पिल्लं वर्षाची झाली की एकेकाच्या तोंडासमोर कंदील धरायचा. ज्याचा डोळा निखाऱ्यासारखा पेटतो ते वंशाला ठेवायचं, बाकीची द्यायची. वहीत त्यांच्या नावापुढं मी ‘दि’ लिहितो, म्हणजे डोळ्यात दिवा आहे. तेजालाही ‘दि’ होता. शंकरप्पा जुने गिऱ्हाईक म्हणून दिला, नाहीतर ठेवलाच असता.

२३ नोव्हेंबर

तलाव पार आटला. मधल्या गाळात हिरवी लव्हाळी उरली आहे, तिथं ससे उतरतात. संध्याकाळी हौशाला घेऊन गेलो. शिवकांता सरपणाला त्याच बाजूला आली होती.

ससा उठला. हौशा सुटला तो पन्नास पावलं वाऱ्यासारखा, आणि मग थांबला. मान वर करून नुसता उभा. ससा दिसेनासाच झाला होता, त्यानं तरी काय करावं. मी शिवकांताला तसं म्हणालो, तर ती म्हणते, “दादा, ससा त्याच्या म्होरंच बसलाय की. त्यो बगा, दगडाच्या डाव्या अंगाला.”

मला तो दगडही नीट कळला नाही. तलावातून धूळ फार उडते सध्या.

येताना तिनं हौशाची साखळी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं माझं कोपर. तिला सरपणाचा भारा जड होत असेल म्हणून मी धरू दिलं.

३० नोव्हेंबर

कस्तुराबाईचा निरोप आला. माझी धाकटी बहीण, पलीकडं आळंदच्या बाजूला दिली आहे. तिचा थोरला व्यंकट आता चोवीसचा झाला. शिवकांतावर त्याचा हक्क आहेच, मामाची पोर. तरी रीतीनं विचारलं पाहिजे म्हणून माघात येते म्हणाली. घरची पोर घरात, रक्त बाहेर कशाला घालवायचं. मला पटतं. माझी आईही बाबांच्या मामाचीच होती. माझं मात्र लांब झालं, कारण मला मामाच नव्हता.

मालनबाई चुलीपुढून म्हणाली, “कुत्र्याची सोयरीक ठरवाया सात पिढ्या उलगडता. पोरीची ठरवाया बहिणीचं तोंड दिसलं की झालं.” चेष्टेतच म्हणाली. शिवकांता हसली नाही. ती माझ्या वहीच्या जुन्या पानांची नक्कल करत होती, उंदरांनी कडा खाल्ल्यात म्हणून. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, हे मी कबूल करतो.

८ डिसेंबर

लोहाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले आहेत, गायसमुद्रे. वय अठ्ठावीस, परभणीला शिकलेले. वडील रेल्वेत नोकरीला होते. घरी कधी कुत्रं पाळलेलं नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी मनात म्हणालो, म्हणजे झालं. गुरांच्या छावणीवर लस टोचायला आले होते, तिथून मीच त्यांना चहाला घेऊन आलो. हौशाचं कौतुक ऐकायचं होतं.

कौतुक केलं. मग त्याच्या डोळ्यापुढं हात हलवला, कंदील मागितला, तो हौशाच्या तोंडासमोर धरला. पिशवीतून एक लहान बॅटरी काढली, तिला मध्ये भोक असतं, भोकातून जनावराच्या डोळ्याच्या आतला पडदा दिसतो. हौशाला थेंब घातले आणि पाव तास बघत राहिले. मला यंत्र फार आवडलं, उघडून बघू का विचारलं. म्हणाले, नको आप्पा, सरकारी आहे.

मग म्हणाले, या कुत्र्याला संध्याकाळचं दिसत नाही. पडद्यावरच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक झाल्यात. वर्षा-दोन वर्षांत दिवसाही दिसणार नाही. औषध नाही. हे खाण्यानं होत नाही, जन्मतःच घेऊन येतात.

मी म्हणालो, डॉक्टर, हा डोळा सबंध जिल्ह्यात दुसऱ्या कुत्र्याला नाही. ते म्हणाले, तीच तर काळजी आहे. सगळ्यांचे तपासून घ्या.

चहा अर्धा ठेवून गेले.

१० डिसेंबर

दोन दिवस काही लिहिलं नाही. राग होता. आज सोसायटीत दगडोबाच्या म्हशीचं फॅट दोनदा काढावं लागलं. काचेच्या नळीवरची रेघ पहाटेच्या उजेडात दिसेना. बल्ब मिणमिणता आहे, चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, बल्ब परवाच नवीन लावलाय.

१४ डिसेंबर

परक्याच्या शब्दावर मी काही मानत नाही. तपासणी माझी मी करणार.

मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना पोती ठोकली. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सतरा फूट भरतात. त्यात चार बांबू आडवे मांडले, गुडघ्याच्या खाली येतील असे, खुंट्यांवर नुसते टेकवलेले, धक्का लागला की पडतात. कंदिलाच्या वातीच्या चावीवर कानशीनं खूण केली, म्हणजे उजेड प्रत्येक वेळी तेवढाच. आधी कुत्रं पूर्ण उजेडात पळवायचं, मग खुणेच्या उजेडात. दोन्ही वेळी किती बांबू पडले ते लिहायचं. दर वेळी बांबूंची जागा बदलायची, नाहीतर कुत्रं पाठ करतं. डॉक्टरला हे सुचलं नसतं.

वात खुणेवर आणून बांबू बघायला आत गेलो तर नडगीवर जोरात लागलं. शिवकांतानं तिसरा बांबू सरकवला असणार. ती म्हणते, सरकवला नाही. तिला आत उभं करून मी बाहेर घड्याळ घेऊन बसायचं ठरवलं. दोन कामं एका माणसानं करू नयेत.

२१ डिसेंबर

आठवडा लागला. घरात सहा मोठी कुत्री आहेत. पूर्ण उजेडात एकाही बांबूला धक्का नाही. खुणेच्या उजेडात:

हौशा, चारही पाडले. भवरी, त्याची लेक, तीन. बाण्या, हौशा आणि भवरीचा, चार, आणि नंतर भिंतीला टेकून उभा राहिला, पुढं येईना. चिमणी तीन. राणू, अजून दीड वर्षाची, एक. मैना, जी मी उमरग्याच्या बाजारातून दुधाच्या बदल्यात घेतली होती, जिच्या डोळ्यात कंदील धरला तरी साधी हिरवट झाक येते आणि जिला मी कधी वंशाला धरलं नाही, ती सरळ चालत माझ्यापर्यंत आली. एकही नाही.

शिवकांता प्रत्येक वेळी आतून ओरडून आकडा सांगायची. बाण्याच्या वेळी नुसतं म्हणाली, “दादा, ऱ्हाऊ द्या आता.”

४ जानेवारी १९८७

डॉक्टरांना आकडे दाखवले. कागद दोनदा वाचला. म्हणाले, आप्पा, हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी म्हणालो, कुणी नाही. मग वंशावळीची वही मागितली आणि विचारलं, काही नावांपुढं ‘दि’ आहे, ते काय?

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

डोळ्याच्या मागं एक चकाकणारा थर असतो. पुढचा पडदा धडधाकट असेल तर तो त्यातला बराच उजेड झाकतो. पडदा विरत गेला की मागची चकाकी मोकळी होते, बाहुलीही जास्त उघडते, आणि कंदील धरला की डोळा पेटल्यासारखा दिसतो. मी ज्याला दिवा म्हणत होतो तो पडदा जळाल्याचा उजेड होता. एकोणीस वर्षं दर वेतातली आजारी पिल्लं नेमकी वेचून मी वंशाला ठेवली आणि चांगली लोकांना दिली.

हे सगळं ते अगदी हळू बोलले. पुढं म्हणाले, दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू आंधळं होतं. एकाकडून आला तर पिल्लाला दिसतं, पण ते पुढं देतं. म्हणून हौशाच्या लेकीला हौशा दाखवला की दोन्हीकडून एकच दोष भेटतो. तुमच्या वहीत असं पाच वेळा झालंय.

मी विचारलं, सगळ्याच जनावरांत असं असतं का? म्हणाले, जनावरांत आणि माणसांतही, पण माणसाचं माझं काम नव्हे. असं म्हणून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, आप्पा, सोलापूरला डोळ्याचा दवाखाना चांगला आहे, एकदा जाऊन या. मी म्हणालो, कुत्र्याला तिथं कोण घेणार?

ते गेल्यावर शिवकांता म्हणाली, डॉक्टरनी जाताना हात पुढं केला होता, तुम्ही मिळवला नाही. मला हात दिसला नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

११ जानेवारी

तेवीस पिल्लं माझ्या घरून गेली आहेत, त्यांच्या मालकांना तेवीस कार्डं लिहिली. दुपारच्या उन्हात अंगणात बसून. मजकूर एकच: तुम्हाला दिलेल्या कुत्र्याच्या रक्तात डोळ्याचा दोष आहे, चूक माझ्या निवडीची आहे, त्याचं वेत घेऊ नका, घेतलं तर दुसऱ्या घरचं कुत्रं तपासून घ्या, विहिरींना कठडा घाला. शंकरप्पांना वेगळं लिहिलं, भाताचं बोललो ते मागं घेतलं.

हौशा, बाण्या, भवरी घरीच राहतील. जनावर माझ्यामुळं असं झालंय, त्याला दुसरीकडं कुठं देणार. पण यापुढं माझ्या घरी वेत नाही.  हौशाच्या भाकरीवर आज मालनबाईनं तूप घातलं, जे ती मलाही घालत नाही.

१९ जानेवारी

शिवकांतानं नक्कल करायच्या वहीत मागं एक पान आखलं आहे. सहज उघडलं गेलं. माझ्याच पद्धतीनं, वर आजोबा, खाली फाटे. पण नावं कुत्र्यांची नाहीत.

सगळ्यात वर माझे वडील ज्ञानोबा, त्यांच्याखाली तांबडी रेघ. शेजारी लिहिलं आहे: ‘दिवस मावळला की अंगण सोडत नसत.’ खाली माझा थोरला भाऊ कोंडिबा, तांबडी रेघ. ‘अडतिसाव्या वर्षी संध्याकाळी खाणीत पडले. लोक म्हणतात पिऊन. ते पीत नव्हते.’ मग कस्तुराबाई, रेघ अर्धीच. ‘स्वयंपाक उजेडी उरकते.’ तिच्याखाली व्यंकट, पुढं प्रश्नचिन्ह. ‘मागच्या वर्षी मोटारसायकल खड्ड्यात. वेळ संध्याकाळ.’ कस्तुराबाईच्या बाजूला माझं नाव. माझ्या नावाखाली रेघही नाही आणि शब्दही नाही, नुसती जागा सोडली आहे. आणि माझ्या खाली तिचं स्वतःचं.

तिला हाक मारली आणि बोललो, जे इथं लिहीत नाही. माणसं म्हणजे कुत्री नव्हेत एवढं तरी खरं होतं त्यात.

ती म्हणाली, “तेच म्हनते मी. कुत्र्याला मागं घेता येतं, कार्ड टाकून. माझ्यासाठी कुणाला कार्ड टाकाल?”

पान फाडलं. मग चिकटवलं. डिंकाला वेळ लागतो.

२५ जानेवारी

दुपारी घरात कुणी नव्हतं. मधल्या खोलीत पोती अजून लावलेलीच आहेत. वात खुणेवर आणली आणि दारातून समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. नोंद केली नाही.

१५ फेब्रुवारी

कस्तुराबाई आणि व्यंकट तुळजापूरला देवीला जाऊन एसटीनं दुपारी आले. व्यंकट रूपानं देखणा, बोलायला गोड. बसल्या बसल्या सोसायटीच्या यंत्राचं विचारलं, दाते कसे कापले ते समजून घेतलं. मला हा मुलगा आवडतो. हे आधी लिहून ठेवतो.

चार वाजता चहा झाला. मी आधीच सगळं मांडून ठेवलं होतं. त्याला म्हणालो, व्यंकट, मधल्या खोलीत समोरच्या भिंतीला खुंटीवर पट्टा आहे, तेवढा आण बाबा. आत राणू निजलीय, वात मोठी करू नको.

राणू आत नव्हती.

मी बाहेर बाजेवर घड्याळ घेऊन बसलो. शिवकांता दारात कपबश्या घेऊन उभी होती. तिला काही सांगितलं नव्हतं, पण ती तिथंच उभी राहिली. हीच खोली परवा तिनं आठ सेकंदांत पार केली होती, एकाही बांबूला न शिवता. मीच करायला लावलं होतं.

पहिला बांबू पडला. मग दुसरा. मग आतून हसण्याचा आवाज आला आणि व्यंकट म्हणाला, “मामा, कुत्र्यांची तालीम घेता का हितं?” मग तिसरा पडला, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. भिंत चाचपल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. हा आवाज मी ओळखतो.

कस्तुराबाई माझ्याकडं बघत नव्हती, घड्याळाकडं बघत होती. “उनातनं आलाय त्यो,” ती म्हणाली. “उनातनं आल्यावर कुणालाबी अंदार वाटतो.” उन्हातून येऊन त्याला दोन तास झाले होते.

व्यंकट पट्टा घेऊन बाहेर आला. नडगीला खरचटलं होतं. पट्टा चांगला शिवलाय म्हणाला.

१६ फेब्रुवारी

कस्तुराबाई सकाळच्या गाडीनं परत गेली. जेवली नाही.

व्यंकट अंगणात हौशाच्या डोक्यावरनं हात फिरवत बसला होता तेव्हा तिनं मला आत बोलावून माझ्या नकाराचं कारण विचारलं. मी म्हणालो, पत्रिका जुळत नाही. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत, हे तिलाही माहीत आहे. खरं कारण एकदा तोंडातून बाहेर पडलं की गावोगाव जाणार, आणि व्यंकटच्या मागं दोन बहिणी आहेत. कुत्र्यांची तेवीस कार्डं मला लिहिता आली. हे एक लिहिता येत नाही.

ती रडली नाही. म्हणाली, “अण्णा, तुमाला पोर दिली तवा वैनीच्या बापाला कुणी सांगितलं हुतं का आपल्या बापाचं?”

मालनबाई चुलीशी होती. तिनं ऐकलं. फुंकणी थांबली.

मी म्हणालो, माझं वेगळं आहे. मला चष्म्याचा नंबर आहे, धुळीनं डोळे गेलेत, सोसायटीचा बल्ब कमी आहे. कस्तुराबाईनं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मग कमरेला बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली.

गाडीपर्यंत शिवकांता सोडायला गेली. मी उंबऱ्याशीच थांबलो. आभाळ भरून आल्यासारखं अंधारलं होतं. मालनबाई म्हणते, आभाळ कोरडं होतं, लख्ख ऊन होतं.

मालनबाई मला कधीतरी विचारणार आहे, तुम्ही नेमकं काय नाकारलंत. तेव्हा आठवणीवर विसंबायला नको, म्हणून कस्तुराबाईनं जसं देऊ केलं तसं लिहून ठेवतो. हुंडा नाही, मानपान नाही, लग्नाचा खर्च सगळा त्यांचा. विहिरीखालचं दोन एकर रान, या सालीही पाणी असलेलं, शिवकांताच्या नावावर. आणि रुमालात बांधून आणलेले, माझ्यासमोर बाजेवर ठेवलेले, रोख अकरा हजार रुपये.